गाडी जाळून आणते

वहिनींच्या गाडीत तो पिवळा दिवा लागला, तेव्हा भाऊंनी पहिलं काम काय केलं असेल, तर त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली. भाऊ म्हणजे वहिनींचे मिस्टर. नळ गळायला लागला की खाली बादली ठेवायची, दार करकरायला लागलं की ते उघडंच ठेवायचं, ही त्यांची दुरुस्तीची पद्धत.

"आता दिसतोय का दिवा?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर."

झालं काहीच नव्हतं. पण वहिनी गप्प बसल्या, कारण त्यांना धुराच्या तपासणीला जायची घाई होती. आणि ती घाई चेअरमनमुळे होती.

चेअरमननी बिल्डिंगमध्ये नोटीस लावली होती. हवा शुद्ध राहावी म्हणून प्रत्येक डिझेल गाडीवाल्यानं रविवारच्या मीटिंगच्या आत धुराचा ताजा दाखला आणावा, नाहीतर गाडी गेटबाहेर, कचऱ्याच्या डब्याशेजारी लावावी. आता 'प्रत्येक' म्हटलं की वाटतं, डिझेल गाड्यांची रांगच लागली असेल. बिल्डिंगमध्ये डिझेल गाडी एकच होती. वहिनींची. आणि हवेचं एवढं प्रेम चेअरमनना कधी आलं? तर त्यांच्याकडेच राहणाऱ्या जावयानं विजेवर चालणारी गाडी घेतली आणि चार्जिंगची वायर फक्त जिन्याशेजारच्या जागेपर्यंतच पोचते असं कळलं तेव्हा. जिन्याशेजारची जागा वहिनींची.

ती जागा वहिनी सोडणार नव्हत्या. मिजाशीसाठी नाही. तिथं गाडी लावली की दार बरोबर पायरीला येतं आणि सासूबाई पायरीवरून तशाच सीटवर सरकतात. त्यांचे गुडघे गेलेत. मागे एकदा पाइपलाइनसाठी आवार खणलं होतं आणि गाडी बाहेर उभी होती, तेव्हा सासूबाई कित्येक दिवस घराबाहेर पडल्या नव्हत्या. गेटपर्यंतच चालवत नव्हतं. "मला मेलीला कुठं जायचंय," असं म्हणायच्या आणि खिडकीत बसून जाणाऱ्या-येणाऱ्या रिक्षांमध्ये कोण बसलंय ते वाकून वाकून बघायच्या. ते वाकून बघणं वहिनी विसरल्या नव्हत्या.

तर वहिनी ऐटीत तपासणीच्या टपरीवर गेल्या. ऐटीत, कारण त्यांची गाडी जुनी असली तरी नव्या धाटणीची होती. विकणाऱ्यानं छातीवर हात मारून सांगितलं होतं, "ताई, ही धूर सोडतच नाही. सगळी काजळी सायलेन्सरमधल्या जाळीत धरून ठेवते आणि सवड मिळाली की जाळते."

"म्हणजे मनात ठेवते आणि नंतर वचपा काढते," वहिनी म्हणाल्या होत्या. "आमच्या नणंदेसारखी."

टपरीतल्या तपासनिसानं गाडीत डोकं घातलं, इकडे तिकडे बघितलं आणि बोट चिकटपट्टीवर ठेवलं.

"हे काय?"

वहिनींनी भाऊंकडे बघितलं. भाऊ म्हणाले, "लागलंय जरा तिला."

"गाडीला?"

"हो. म्हणजे, खरचटलंय."

तपासनिसानं नखानं पट्टी सोलली. आतून दिवा असा लखकन पेटला, जसं काही इतका वेळ कुणी आपली दखल घेतंय का याची वाट बघत होता. चित्रात एक डबा होता आणि डब्यात ठिपके होते.

"दिवा लागलेली गाडी तपासत नाही," तो म्हणाला. "दिवा विझवून आणा."

"अहो, पण धूर बघा की! धूर आहे का?"

"धूर नंतर. आधी दिवा."

"धुराची तपासणी आहे का दिव्याची?"

"बाई, नियम आहे. पुढची गाडी घ्या!"

पुढची गाडी म्हणजे एक टेम्पो. तो सुरू झाला तशी सगळी टपरी काळी झाली. त्याच्यात दिवा नव्हता. म्हणजे लागलेला नव्हता असं नाही, दिवा नावाची वस्तूच त्या टेम्पोत बसवलेली नव्हती. त्याला दाखला मिळाला. वहिनींचं डोकं तिथंच तापलं. घरी येताना त्यांनी ती सोललेली चिकटपट्टी भाऊंच्या शर्टाच्या बाहीला चिकटवली.

घरी आल्यावर सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावर एक रिटायर्ड गृहस्थ राहतात. सकाळी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात आणि दिवसभर त्यातलं अर्धवट लोकांना सांगतात. त्यांना सगळे पेपरकाका म्हणतात. पेपरकाकांनी चष्मा कपाळावर चढवून दिव्याचं चित्र बघितलं.

"ठिपके म्हणजे पाऊस. वायपर बिघडलेत."

"काका, वायपर चांगले आहेत."

"मग पाऊस बिघडला असेल. हवामान बदलतंय ना. परवाच आलं होतं."

तळमजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, काजळीच ना, मग सायलेन्सरमध्ये कपड्यांची पावडर टाकून गरम पाणी ओता, रात्रभर भिजू द्या. भाऊंना हे पटलं. ते बादली आणायलाच निघाले होते. वहिनींनी नुसतं "बसा," म्हटलं, तसे ते पायरीवर बसले.

शेवटी वहिनी ऑफिसशेजारच्या गॅरेजवाल्याकडे गेल्या. तो गाडीखाली झोपलेला होता. दुरुस्तीला नाही, नुसताच झोपलेला. उठून त्यानं दिवा बघितला आणि हसला.

"वहिनी, तुम्ही गाडी नेता कुठं?"

"घरून ऑफिसला. ऑफिसातून घरी. आणि सासूबाईंना व्यायामाच्या डॉक्टरकडे."

"हे सगळं एकाच गल्लीत?"

"दोन गल्ल्या आहेत."

"अहो, एवढ्यात तिचा सायलेन्सर कोमटसुद्धा होत नाही! काजळी जळायला तो तापावा लागतो, लालभडक. तुम्ही तिला पळवतच नाही, मग जाळी तुंबणार नाही तर काय होणार? बिघाड नाहीये हा. गावाबाहेर मोठ्या रस्त्याला काढा, एका वेगात पळवा, मध्ये कुठंही थांबू नका. थांबलात की अर्धवट राहणार, पुन्हा पहिल्यापासून. दिवा विझेपर्यंत दामटा. जाळून आणा."

"एवढंच?"

"एवढंच. आमच्याकडे सगळे असंच जाळून आणतात."

वहिनींना इतका आनंद झाला की बिल्डिंगच्या जिन्यातूनच त्यांनी भाऊंना फोन लावला. आणि वहिनी फोनवर बोलतात तेव्हा फोन नसता तरी चाललं असतं.

"अहो, ऐका. आज संध्याकाळी गाडी जाळून आणू. हो, जाळूनच! गॅरेजवाला म्हणाला, गावाबाहेर न्या, मोकळा रस्ता बघा, मध्ये कुणी हात केला तरी थांबायचं नाही. त्याच्याकडची सगळी गिऱ्हाइकं हेच करतात. जाळली की उद्या कागद हातात. आणि चेअरमनना काही कळू देऊ नका."

वरच्या वळणावर पेपरकाका उभे होते. हातात पेपर होता, पण कान तिथं नव्हते.

आता सांगायला नको. पेपरकाकांनी दुसऱ्या मजल्यावर सांगितलं की वहिनी गाडी जाळणार आहेत. पहिल्या मजल्यावर येईपर्यंत त्यात विमा आला. तळमजल्यावर शिक्षिकाबाईंनी त्यात रॉकेल घातलं. चेअरमनपर्यंत बातमी पोचली तेव्हा शहरात गाड्या जाळणाऱ्यांची टोळी होती आणि वहिनी तिच्या नव्या सभासद होत्या.

चेअरमन घाबरले. नोटीस त्यांची होती. उद्या पोलीस आले तर कारण काय सांगणार? ते तातडीनं वहिनींच्या दारात आले. आवाज अगदी मऊ.

"वहिनी, ऐकलं ते खरं का?"

वहिनींनी ओळखलं, ह्यांना कळलं. मग त्यांनीही मान ताठ केली. "खरं आहे. काय म्हणणं आहे?"

"तुमच्या मनाची तयारी झाली?"

"ह्यात मन कुठं आलं? जाळायची आणि मोकळं व्हायचं."

"अहो, पण इतक्या टोकाला..."

"टोकाला काय? दर दोन-तीन महिन्यांनी जाळावीच लागते म्हणे. आम्हीच आजवर जाळली नव्हती. अडाणीपणा आमचा."

चेअरमननी दाराच्या चौकटीला धरलं. "दर... दोन-तीन महिन्यांनी?"

"चांगल्या चांगल्या घरातले लोक जाळतात."

"आणि भाऊंना मान्य आहे हे?"

"ते येणारेत ना बरोबर. त्यांनीच मोकळा रस्ता शोधलाय."

"आणि... तुमच्या सासूबाई? त्यांना काही कल्पना?"

"त्यांना मागच्या सीटवर बसवणार आहे."

"मागच्या सीटवर!"

"घरात बसून बसून वैतागल्यात बिचाऱ्या. म्हटलं, एकदा काय ते उरकून टाकू."

चेअरमनचा चेहरा पांढरा पडला. आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, स्वेटर घेऊ का? थंडी वाजेल का?"

"नको हो आई!" वहिनी ओरडल्या. "चांगलं गरम होणार आहे!"

चेअरमन जिना उतरले की घसरले, ते बघणाऱ्यालाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी गाडी निघाली. वहिनी चालवायला, भाऊ शेजारी वरचा दांडा धरून आणि सासूबाई मागे, खिडकीला नाक लावून. मोठ्या रस्त्याला लागल्यावर वहिनींनी वेग धरला. दिवा तसाच.

"जरा टपरीवर थांबू का?" भाऊ म्हणाले. "चहा..."

"थांबायचं नाही."

थोड्या वेळानं भाऊ पुन्हा म्हणाले, "नाही, म्हणजे चहा नको. उलट..."

"घरून जाऊन यायचं होतं! आता दिवा विझेपर्यंत धरून ठेवा."

"गाडी जाळीत धरून ठेवते, मी कशात ठेवू?"

सासूबाई मागे खुदकन हसल्या. वहिनींनी आरशात बघितलं. सासूबाई हसताना दिसल्या, आणि त्यांच्यामागे, काचेतून, चेअरमनच्या जावयाची गाडी दिसली. निळी, गुळगुळीत, अजिबात आवाज नाही. चालवायला चेअरमन. शेजारी पेपरकाका, अर्धे खिडकीबाहेर, पेपर हलवत ओरडतायत. "थांबा! वहिनी, थांबा! म्हातारीला उतरवा!"

काच बंद होती. वहिनींना फक्त हातवारे दिसले. "बघितलंत?" त्या भाऊंना म्हणाल्या. "मला मध्येच थांबवायला आलेत! अर्धवट राहावं म्हणून! किती तो खालच्या पातळीचा माणूस!" आणि त्यांनी पाय आणखी दाबला.

चेअरमननी हॉर्न दिला. वहिनींनीही दिला. एवढ्यात वहिनींच्या गाडीचा पंखा घुरघुरायला लागला. गरम लोखंडाचा वास आला. मागून पांढुरकी वाफ निघाली आणि सायलेन्सरपाठची हवा अशी थरथरायला लागली की पलीकडचे दिवे वाकडे दिसावेत. गॅरेजवाल्यानं सांगितलेलं नेमकं तेच होत होतं. काजळी जळत होती.

"पेटवली!" पेपरकाका किंचाळले. "चालत्या गाडीत पेटवली!" आणि त्यांनी फोन काढून अग्निशमन दलाला कळवलं. काय कळवलं, तर मोठ्या रस्त्यावर निळ्या गाडीतून बोलतोय, आग लागलीये, आत म्हातारं माणूस आहे, लवकर या. समोरच्यानं 'निळी गाडी' एवढं लिहून घेतलं आणि फोन ठेवला.

तिकडे निळ्या गाडीची वीज संपत आली. घरी चार्जिंगची सोय नाही, म्हणून तर जागेचं एवढं भांडण. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली आणि कडेला जाऊन मुकाट उभी राहिली. चेअरमन खाली उतरले आणि रस्त्यात दोन्ही हात वर करून नाचायला लागले. समोरून लाल बंब आला, सायरन वाजवत आणि टेम्पोलाही लाजवेल असा धूर सोडत. जवानांनी काय बघायचं? निळी गाडी उभी आहे. बाहेर एक माणूस "आग! आग!" ओरडतोय. आत एक म्हातारा बसलाय आणि त्याला दार उघडता येत नाहीये, कारण नवीन गाडीचं दार कुठून उघडतं हे पेपरकाकांच्या पेपरात अजून आलेलं नव्हतं.

जवानांनी वेळ घालवला नाही. त्यांनी फेस मारला.

इकडे वहिनींच्या गाडीतला दिवा एकदा लुकलुकला आणि विझला. सासूबाईंनी टाळी वाजवली. वहिनींनी गाडी थांबवली, आणि ती पुरती थांबायच्या आत भाऊ झुडपांच्या दिशेनं दिसेनासे झाले.

परतताना रस्त्याच्या कडेला फेसाचा एक डोंगर दिसला. डोंगरातून चेअरमनचं डोकं वर आलं होतं.

वहिनी उतरल्या. चिडलेल्या होत्या, पण समोरचं दृश्य असं होतं की चिडायला जागा उरली नाही. "चेअरमन, हे काय?"

"तुम्ही..." चेअरमननी डोळ्यांवरचा फेस पुसला. "तुम्ही गाडी जाळणार होतात ना?"

"जाळली की! हे काय, जाळून परत चाललोय."

चेअरमननी गाडीकडे बघितलं. गाडी धडधाकट. मागच्या खिडकीतून सासूबाई हात हलवत होत्या, त्याही धडधाकट. जवानांच्या प्रमुखानं विचारलं, "मग आग कुठं होती?" वहिनींनी काजळी, जाळी, दिवा, सगळं समजावून सांगितलं. त्याला ते समजलं. चेअरमनना समजलं. पेपरकाका म्हणाले, "मी आधीपासून हेच म्हणत होतो."

निळी गाडी तिथंच ठेवावी लागली. दोघांना वहिनींनीच घरी आणलं. मागच्या सीटवर मधे सासूबाई, दोन बाजूंना दोन फेसाळलेले पुरुष. सासूबाईंनी सगळ्या रस्त्यात दोघांना चांगलं सुनावलं. "आमची सून मला जाळेल? अहो, ती मला साधा गरम चहा देत नाही, तोंड भाजेल म्हणून फुंकून देते." हे ऐकून वहिनींना एकदम खिडकीबाहेरचा रस्ता धूसर दिसायला लागला, पण त्यांनी ते वायपरवर ढकललं.

गाडी जिन्याला लागली. सासूबाई पायरीवर अलगद उतरल्या. त्यांच्यामागून चेअरमन उतरले. ओले, थकलेले, कंबर धरून. पायरी पायाशी आयती आली. ते तिथं एक क्षण थांबले. आधी पायरीकडे बघितलं, मग सासूबाईंच्या गुडघ्यांकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनिसाकडे वेगळाच घोळ. त्यानं नळी लावली, मशीनचा आकडा बघितला, मशीनला चापट मारली, पुन्हा आकडा बघितला.

"शून्य येतंय."

"मग? चांगलंय की!"

"शून्य चालत नाही. रकान्यात शून्य टाकलं की मशीन म्हणतं, गाडी सुरू करा."

"गाडी सुरूच आहे!"

"मला कळतंय हो, मशीनला कळत नाही. थोडा तरी धूर काढा."

आदल्या दिवशी दिव्यासाठी हाकललं, आज धूर नाही म्हणून. वहिनींनी कमरेवर हात ठेवले. टपरीचा स्वतःचा जनरेटर शेजारीच भकाभका धूर ओकत होता. वहिनींनी नळी सायलेन्सरमधून अर्धी बाहेर ओढली. जनरेटरची थोडीशी हवा आत गेली, मशीनला एक बारीकसा आकडा मिळाला, मशीन खूश झालं आणि दाखला छापून बाहेर आला. त्या दाखल्यावर जो काही धूर आहे, तो तपासणी केंद्राचा आहे. वहिनींचा नाही.

मीटिंगमध्ये वहिनींनी दाखला टेबलावर आपटला. चेअरमन आदल्या दिवसापासून शिंकत होते. त्यांनी दाखला बघितला, सासूबाईंकडे बघितलं आणि ठराव लिहून घेतला: वहिनींची गाडी जिन्याशेजारच्या जागेवर कायम राहील. मात्र ती सारखी जागेवर उभी राहता कामा नये. तुंबू नये म्हणून तिला वेळोवेळी मोठ्या रस्त्यावर नेणं बंधनकारक. जावयाच्या गाडीसाठी लांब वायर आणायचं ठरलं. सगळ्यांनी हात वर केले. भाऊंनी दोन्ही.

म्हणजे जागा मिळाली. पण वहिनींच्या मागे नवीनच भुंगा लागला. पेपरकाकांना पुढच्या वेळी बरोबर यायचं होतं. शिक्षिकाबाईंनाही. चेअरमननी पुढची सीट मिळेल का असं आडून आडून विचारलं. रोज सकाळी वहिनी गाडीत बसल्या की कुणीतरी काचेतून डोकावायचं. "लागला का हो दिवा?"

"नाही लागला!" वहिनी खेकसायच्या. "लागला की सांगेन!"

एका सकाळी सासूबाई स्वतः पायरीपर्यंत आल्या. भिंत धरत, पण एकट्या. त्यांनीही वाकून दिव्याच्या जागी बघितलं. तिथं काळोख होता. मागे कुणी ऐकत नाही ना ते बघितलं आणि खिडकीत तोंड घालून त्या हळूच म्हणाल्या,

"अगं, ऑफिसला जाताना इतकी जोरात नको नेत जाऊ. जरा तुंबू दे की."